म्हातारीच्या चंदीतले निळे दाणे

खिळा जिव्हाळी लागला, हे नालबंदाला हातोडीच्या आवाजावरूनच कळलं. नीट जागी चाललेला खिळा टणटण बोलतो. चुकीच्या जागी शिरला की मऊ, बसका आवाज येतो. बावीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर घेणाऱ्या माणसाला एवढं कळायलाच हवं. त्याने लगेच पकड घालून खिळा उपसला, स्वतःलाच एक शिवी हासडली आणि भोकावर औषधाचा बोळा दाबून धरला. वर्षाकाठी असं एखाद्या वेळी होतंच. ज्याचा खिळा कधी चुकला नाही, त्याने कधी नाल ठोकलेलीच नसते. दोन थेंब रक्त येतं, घोडा पाय झटकतो, मालक तोंड वाकडं करतो आणि पाच मिनिटांत सगळं मिटतं.

इथे मिटेना. पहिला बोळा भिजला, दुसरा भिजला, तिसऱ्यावर पट्टी गुंडाळली तर पट्टीही भिजली. अर्धा तास उलटला तरी फरशीवर थेंब पडतच होते. आणि पाय झटकणं राहिलं बाजूला, म्हातारी मान खाली घालून उभ्या उभ्या पेंगत होती. खिळा लागलेला घोडा कधी पेंगतो का? नालबंदाला रक्तापेक्षा त्या पेंगण्याचीच धास्ती जास्त वाटली.

म्हातारी म्हणजे त्याच्या ताईच्या पागेतली सगळ्यात जुनी घोडी. वय सव्वीस. हिला जन्म देऊन हिची आई दगावली, तेव्हा सतरा वर्षांच्या ताईने हिला तिसऱ्या दिवसापासून बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता ताईकडे सात घोडे होते. पोरंसोरं आणि हौशी मोठी माणसं तिच्याकडे घोड्यावर बसायला शिकायला येत. पहिल्यांदा बसणाऱ्याला ताई डोळे झाकून म्हातारीवर बसवायची, कारण पाठीवरचा माणूस घसरायला लागला की ही घोडी आपण होऊन थांबायची. नालबंदाने आयुष्यातली पहिली नाल ठोकली तीही हिच्याच पायाला. ती चांगलीच वाकडी बसली होती. ताई अजून चारचौघांत त्याला त्यावरून चिडवायची. म्हातारीने मात्र ती वाकडी नाल दीड महिना गुमान वागवली होती.

ताई दोर धरून उभी होती. ती म्हातारीच्या कपाळावर बोटं फिरवत होती. तेवढ्यात भाऊजी आले. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. पागेचं ऑफिस, फोन, शिकवणीची वेळापत्रकं हे त्यांचं खातं. घोड्याला हात लावायचे ते फोटो काढण्यापुरता. त्यांनी फरशीवरचं रक्त पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पण क्षणभरच. मग घसा साफ करून म्हणाले, "खिळा चुकला वाटतं तुझा."

खिळा चुकल्याचं नालबंदाने आधीच कबूल केलं होतं. पण खिळ्याने एवढं रक्त जात नाही, हे दुसरंच काहीतरी आहे, डॉक्टर बोलवा, असं तो म्हणाला. त्यावर भाऊजी हसले आणि नाचता येईना अंगण वाकडं, असं ताईकडे बघून पुटपुटले. नालबंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा कुणी असता तर त्याची धडगत नव्हती. पण बहिणीचा नवरा पडला. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने बोलण्यात वेळ न घालवता म्हातारीचा वरचा ओठ उचलून ताईला दाखवला. हिरड्या गुलाबी असायला हव्यात. त्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. डाव्या नाकपुडीतून रक्ताची एक बारीक रेघ उतरत होती. ताईने दोर त्याच्या हातात दिला आणि स्वतः फोन लावला.

डॉक्टरीणबाई दहा वाजता आल्या. मितभाषी बाई, उगाच धीर देत बसायची सवय नाही. त्यांनी छाती ऐकली, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, मानेतून रक्त घेतलं. जिथे सुई टोचली तिथे बघता बघता लिंबाएवढा फुगवटा आला. त्या फुगवट्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि मग तिघांकडे वळल्या.

"सरळ विचारते, सरळ सांगा. उंदरांचं विष ठेवलंय का कुठे?"

मग त्यांनी कारण सांगितलं. उंदराच्या विषातला एक प्रकार असा असतो की खाल्लं की लगेच काही होत नाही. जनावर तीन-चार दिवस खातं, पितं, चालतं. पण रक्त गोठायची शक्ती निघून जाते आणि ते आतल्या आत रक्ताने भरत जातं. उंदीर असो, कुत्रा असो, घोडा असो, विषाला सगळे सारखे. यावर उतारा आहे. पण कुत्र्यापुरता त्यांच्या पेटीत असतो. घोड्याला पुरेल एवढा दोन तासांवरच्या मोठ्या दवाखान्यातून मागवावा लागतो. आणि दिल्यानंतर अंगात भिनायला त्याला निम्मा दिवस लागतो. विष नसेल तर मग यकृताचं दुखणं, आणि त्याचा इलाज अगदी वेगळा. तेव्हा आत्ता एकेक तास मोलाचा आहे, असं त्या म्हणाल्या.

ताईने ठाम नाही म्हटलं. विषाला तिने कधीच थारा दिला नव्हता. उंदरांनी खोगिरांचं चामडं कुरतडलं तेव्हा भाऊजींनी विषय काढला होता, तेव्हाही तिने साफ नकार दिला होता. विष काही पत्ता विचारून जात नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. भाऊजींनी तर छातीवर हात ठेवला. "या आवारात विषाचा एक दाणा नाही. मी शब्द देतो तुम्हाला."

घरची दोन माणसं शपथेवर सांगतायत म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार? त्यांनी यकृताची वाट धरली. सलाईन लावलं. पेटीत कुत्र्याच्या मापाची एक कुपी होती तीही टोचली, असावी म्हणून. एवढ्या मोठ्या घोडीला ती म्हणजे दर्यामें खसखस. रक्ताची बाटली घेऊन त्या प्रयोगशाळेकडे निघाल्या. निकाल उद्या सकाळी. गाडीत बसता बसता त्यांनी पुन्हा बजावलं की काही आठवलं तर त्याच मिनिटाला फोन करा.

नालबंदाला त्या दिवशी आणखी दोन पागांमध्ये जायचं होतं. तो गेला नाही. जाणार कसा? ऑफिसच्या खिडकीतून भाऊजींचा आवाज येत होता. आजच्या शिकवण्या रद्द केल्याचं ते एकेकाला फोनवर कळवत होते, आणि कारण काय तर नालबंदाकडून जरा चूक झाली. जरा! तीन फोन त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. नालबंद नावावर जगतो. त्याच्या खिळ्याने घोडी गेली असं एकदा पसरलं की त्याच्या मांडीवर पाय द्यायला कुणी घोडा पाठवत नाही. तरी खरं सांगायचं तर तो त्याहून वाईट एका गोष्टीने पोखरला जात होता. आपणच तर नाही ना मारलं हिला? दोनदा त्याने उपसलेला खिळा हातात घेऊन रक्ताची खूण कुठवर आहे ते पाहिलं. नखाच्या कडेएवढी होती. तेवढ्याने घोडी मरत असेल तर जगात एक घोडा जिवंत राहिला नसता.

मग त्याच्या ध्यानात आलं की आज बोकोबा दिसला नाही. पागेतला हा जाडा बोका नालबंदाच्या हत्यारांच्या पेटीत येऊन झोपायचा आणि दर वेळी त्याला उचलून बाहेर टाकावा लागायचा. ताईला विचारलं तर ती म्हणाली, चार दिवस झाले गेला तो. गाडीखाली आला. यांनाच सापडला फाटकापाशी, यांनीच पुरला.

भाऊजींनी पुरला? ज्या माणसाला झुरळ मारायला बायकोला हाक मारावी लागते, त्याने मेलेला बोका हातात धरून खड्डा खणला? नालबंदाने हातातली कानस अशी आपटली की शेजारच्या ठाणातला घोडा दचकला.

दुपारी तो चंदीच्या खोलीत शिरला. चंदी म्हणजे घोड्यांचा दाणा. म्हातारी काहीच खात नव्हती, तर मूठभर कोंडा हातावर धरून बघावा, एवढाच त्याचा विचार होता. खोलीत उंचावर एकच खिडकी. पोत्यांच्या रांगेमागे काहीतरी दिसलं म्हणून तो वाकला. मेलेला उंदीर होता, नाकाशी वाळलेलं रक्त. त्याच्या पलीकडे आणखी एक. त्याने पोतं पुढे ओढलं तर भिंतीच्या कडेला, फळीच्या फटीत, उंदरांनी ओढून लपवलेले दाणे होते. जव, ओट, आणि मध्ये मध्ये निळे दाणे. निळा दाणा कुठल्या शेतात पिकतो?

तो दाणा तळहातावर घेऊन उभा असतानाच त्याची नजर खुंटीला टांगलेल्या चाळणीवर गेली.

ताईचा एक शिरस्ता होता. सातही घोड्यांची चंदी मोजून देताना खाली दाणा सांडतो. दुसऱ्या पागांमध्ये तो उकिरड्यावर जातो. ताई तो रोज झाडून गोळा करायची, चाळून माती काढायची, गरम पाण्यात भिजत घालायची, वर काकवी ओतायची आणि ते सगळं म्हातारीला भरवायची. म्हातारीच्या दाढा झिजल्या होत्या, कोरडा दाणा तिला चावत नव्हता. मऊ, गोड लापशी ती बादलीचा तळ चाटून खायची. काकवी पडली की सगळे दाणे एकाच रंगाचे, तिथे कोण निळा आणि कोण पिवळा बघणार? नालबंदाने चाळण खाली काढली. जाळीच्या कडेला दोन निळे दाणे अडकलेले होते.

त्याने घड्याळ पाहिलं. सव्वादोन वाजले होते.

भाऊजी खोगिरांच्या खोलीत सापडले. नालबंदाने दार लावून घेतलं आणि निळे दाणे त्यांच्या नाकासमोर धरले. भाऊजींनी आधी नाही म्हटलं, मग आठवत नाही म्हटलं, मग खाली स्टुलावर बसले. दोन आठवड्यांपूर्वी ठेवलं होतं, म्हणाले. एका ताटलीत, पोत्यांच्या मागे. घोडे कुठे तिथे जातात? बोकोबा मेला तेव्हा त्यांना कळलं, आणि त्याच दिवशी त्यांनी ताटली उचलून खोका जाळून टाकला. म्हणजे सकाळी ते खोटं बोलले नव्हते. आवारात विष नाही. आत्ता नाही. उंदरांनी त्याआधीच खोलीभर पसरवून ठेवलं होतं, पण उंदरांची साक्ष कोण काढतो?

"आणि डॉक्टरीणबाईंनी तोंडावर विचारलं तेव्हा?" नालबंदाने विचारलं. "ती घोडी मरतेय तिकडे. मूग गिळून काय बसलात?"

भाऊजींनी डोळे पुसले. मग हळूच, समजुतीच्या सुरात बोलले. त्या सुराचीच नालबंदाला जास्त चीड आली.

"मी ठेवलं हे खरं. पण भरवलं कुणी? तुझ्या ताईने, रोज, स्वतःच्या हाताने. मला आज सकाळी रक्त बघून ते लक्षात आलं. तिला हे कळलं तर ती उभी राहील का पुन्हा? खिळ्याने गेली असं राहू दे. तू भाऊ आहेस, तुला ती माफ करेल. स्वतःला नाही करणार."

नालबंदाने हात उगारला होता. तो तसाच खाली आला. का आला, याचा त्याला नंतर पुष्कळ राग आला. हा माणूस स्वतःची कातडी वाचवतोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण माणूस खोटारडा असला म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य खोटं नसतं, तिथेच तर गाडं अडतं. ताईला तो ओळखत होता. बाटलीचं बूच उकळून घेणारी, दूध मनगटावर टाकून बघणारी सतरा वर्षांची ताई त्याने बघितली होती. तिला जाऊन सांगायचं की तूच विष कालवून घातलंस?

तो बाहेर येऊन आपल्या गाडीत बसला. मागचं दार उघडं टाकून त्याने खिळ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि लहान खिळे एका बाजूला, मोठे दुसऱ्या बाजूला असे निवडायला लागला. निवडायची काही गरज नव्हती, ते निवडलेलेच होते. त्याने स्वतःला सांगितलं की डॉक्टरांनी एक कुपी दिलीच आहे. म्हातारीचं वय झालंच आहे. उद्या निकाल येईलच, तेव्हा कळेल ते कळेल. माणसाला वाट चुकवायची असली की त्याच्याकडे कारणांना तोटा नसतो. मधून तो ठाणाकडे बघायचा. म्हातारी उभीच होती, आणि ती उभी आहे हेही त्याने एक कारण म्हणून जमेस धरलं.

मग चंदीच्या खोलीतून झाडूचा आवाज आला.

संध्याकाळच्या चंदीची तयारी चालली होती. बाकी घोड्यांना खायला तर घालायला हवंच. ताई झाडत होती, रोजच्यासारखी, कोपऱ्यापासून दाराकडे. आणि आज म्हातारी खात नाही म्हणून ते भिजवून ती दुसऱ्या कुणाला तरी घालणार, हे उघड होतं. डबा उलटा झाला, खिळे गाडीभर सांडले. तो धावत गेला आणि त्याने ताईच्या हातातला झाडू हिसकावला.

"ताई, थांब. यात विष आहे. भाऊजींनी ठेवलं होतं. उंदरांनी पसरवलं, आणि ते झाडलोटीत आलं." त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. "म्हातारीच्या लापशीत गेलं."

ताई हलली नाही. तिने खालच्या ढिगाकडे पाहिलं, मग चाळणीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. नालबंद ती कोसळायची वाट बघत होता, सावरायला दोन पावलं पुढेही आला होता. ती कोसळली नाही. तिने एप्रनला हात पुसले आणि विचारलं, "कुठलं विष? नाव काय?"

एवढंच. बाकी सगळं नंतर, आधी नाव. तीन वाजले होते. ती सरळ ऑफिसात गेली आणि भाऊजींच्या समोर फोन ठेवला. त्यांना नाव आठवत नव्हतं, खोका तर जाळलेला. तिने त्यांना दुकानदाराला फोन लावायला लावला. दुकानदार मोठ्या कौतुकाने सांगत होता की हे नव्यातलं जालीम आहे, एकदा खाल्लं की काम फत्ते, दुसऱ्यांदा घालायला नको. सगळं खणखणीत ऐकू येत होतं. भाऊजी मान खाली घालून हो, हो म्हणत होते.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर एक शब्द वाया घालवला नाही. उतारा मागवला, स्वतः परत निघाल्या, सलाईन बंद करायला सांगितलं. घोडीला जागची हलवू नका, बाकी सहा घोड्यांना त्या खोलीतलं काही देऊ नका. मेलेले उंदीर हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा, नाहीतर ते खाऊन कुत्री, घारी, घुबडं मरतील. नालबंदाने उंदीर उचलले. अकरा निघाले. अकराव्यापर्यंत त्याला शिव्याही सुचेनाशा झाल्या.

उतारा सहाला आला. डॉक्टरीणबाईंनी तो म्हातारीला टोचला आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या की आता हिने रात्रभर तग धरला पाहिजे. ताई तिच्या मानेला खांदा लावून उभी राहिली. म्हातारीचा श्वास तोकडा होत चालला होता. छातीत रक्त साचलं होतं, त्याला आता बाहेरून कुणी काही करू शकत नव्हतं. दिवे लागायच्या सुमारास तिचे मागचे पाय थरथरले. घसरत खाली बसली, मग आडवी झाली. पडतानाही तिने ताईला अंगाखाली घेतलं नाही, कड बदलून पलीकडे पडली. पाच-सात मिनिटांत सगळं संपलं.

ताईने म्हातारीच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि तशीच बसल्या बसल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, दहा वाजता सांगितलं असतं तर?

"तर बहुतेक वाचली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

भाऊजी ठाणाच्या दारात उभे होते. ते रडायला लागले. तुझ्यासाठीच गप्प बसलो, म्हणाले. तुला कळलं असतं की तूच आपल्या हाताने, तर तुझं काय झालं असतं, याच विचाराने मी. नालबंद दात ओठ खात ऐकत होता. आता ताई या माणसाला उभा चिरेल, आणि चिरावाच, असं त्याला वाटलं. त्या सबंध दिवसात पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं.

ताईने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नालबंदाकडे वळली.

"आणि तुला कधी कळलं रे, धाकट्या?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. कळल्या कळल्या तुला सांगितलं, असंही. भाऊजी काही त्याचं खोटं उघडं पाडणार नव्हते. चोर चोराला सांभाळून घेतोच. ते लक्षात आलं आणि नालबंदाला स्वतःची किळस आली.

"सव्वादोनला."

ताईने डोक्यात हिशोब केला असावा. तिने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाई पेटी बंद करत होत्या. पाऊण तासाने एखादं जनावर वाचतं, एखादं नाही वाचत, म्हणाल्या, मला सांगता यायचं नाही. आणि त्या बाहेर गेल्या.

"मी भरवलं," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज त्याने तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. "ते माझं मी बघेन. जन्मभर बघेन. पण हिचं रक्त वाहत होतं तेव्हा तुम्ही दोघं बसून ठरवत होता, मला काय सोसेल आणि काय नाही. एकाने पाच तास ठरवलं, एकाने पाऊण तास. कुणी विचारलं होतं तुम्हाला? मला एवढा वेळ नको होता, तिला हवा होता."

नालबंदाने पकड उचलली. त्याने नाल ठोकलेलं जनावर गेलं की तो स्वतः येऊन चारही पायांच्या नाला उतरवायचा. कुणाच्याही घोड्याला त्याने नालांसकट मातीत जाऊ दिलं नव्हतं. म्हातारीच्या पायांत तीनच होत्या, चौथी सकाळपासून तशीच पडून होती. तो गुडघे टेकून तिच्या खुराशी बसला.

ताईने हात पुढे केला. "पकड इकडे दे."

"तुला जमायचं नाही ताई, खिळे आधी सरळ करावे लागतात."

"दे म्हटलं ना. तू ऊठ इथून. तिकडे उभा राहा, त्यांच्याजवळ."

त्याने पकड तिच्या हातात दिली आणि तो दाराशी जाऊन भाऊजींच्या शेजारी उभा राहिला.